रिमोट चावी नव्या केसमध्ये हलवताना: बोर्ड, चिप आणि पातं, तिन्ही सांभाळून

गाडीच्या चावीचं प्लास्टिक आतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कितीतरी आधी थकतं. बटणांवरचं रबर फाटतं, कडी अडकवायचं भोक तुटतं, दोन भागांमधली फट रुंदावते आणि पावसाळ्यात त्या फटीतून ओल आत जाते. आतला बोर्ड मात्र बहुतेक वेळा ठणठणीत असतो. अशा वेळी पूर्ण नवी चावी घ्यायची तर प्रोग्रॅमिंग धरून खर्च काही हजारांत जातो. रिकामी केस, म्हणजे चावीचं बाहेरचं प्लास्टिकचं कवच, मात्र काही शे रुपयांत मिळते. ती आणून आतलं सगळं तिच्यात बसवणं हे घरच्या टेबलावर, निवांत बसून होण्यासारखं काम आहे. ते कुठे फसतं हे आधी माहीत असलं पाहिजे, म्हणून हा लेख जरा लांबलाय.

उदाहरणासाठी मारुती सुझुकीची दोन बटणांची, न दुमडणारी चावी घेतली आहे. स्विफ्टच्या पिढ्यान्‌पिढ्यांत ती महाराष्ट्रभर दिसते, आणि तिचं पातं डोक्याच्या प्लास्टिकमध्ये पक्कं रोवलेलं असल्यामुळे केस बदलताना येणाऱ्या जवळजवळ सगळ्या अडचणी तिच्यात भेटतात. इतर गाड्यांच्या चावीत कुठे फरक पडतो, तेही त्या त्या ठिकाणी सांगतो.

एका चावीत दोन यंत्रं

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. चावीच्या डोक्यात दोन स्वतंत्र यंत्रं असतात. पहिलं रिमोट: बटण दाबलं की सेलच्या जोरावर रेडिओ संदेश पाठवतं आणि दारं उघडतात. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत ही वारंवारता ४३३.९२ मेगाहर्ट्‌झ असते. दुसरं यंत्र म्हणजे इमोबिलायझरची चिप, म्हणजेच ट्रान्सपॉन्डर. तिला सेल लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती तारेचं एक वेटोळं असतं. चावी फिरवली की ते वेटोळं साधारण १२५ किलोहर्ट्‌झचं चुंबकीय क्षेत्र तयार करतं, त्याच ऊर्जेवर चिप जागी होते आणि आपली ओळख पटवते. ओळख पटली नाही तर इंजिन सुरू होत नाही, किंवा क्षणभर चालून बंद पडतं.

म्हणूनच सेल संपला तरी गाडी सुरू होते, आणि म्हणूनच केस बदलल्यावर ‘दारं उघडतात, पण गाडी चालू होत नाही’ ही तक्रार इतकी ऐकू येते. हिरवा बोर्ड नव्या केसमध्ये गेलेला असतो. चिप जुन्या केसच्या एका खाचेत तशीच राहिलेली असते, आणि ती केस कचऱ्यात गेलेली असते.

चिप दिसते कशी? दोन रूपं नेहमी भेटतात. एक काळा, पाचरीच्या आकाराचा तुकडा, लांबी साधारण सव्वा सेंटिमीटर. दुसरं रूप म्हणजे तेवढ्याच लांबीची बारीक काचेची नळी, आत तांब्याच्या तारेचं वेटोळं दिसतं. तिसरी शक्यता अशी की वेगळी चिप नसतेच, बोर्डवरच्या एका आयसीमध्ये ते काम समाविष्ट असतं आणि शेजारी एक छोटं कॉइल बसवलेलं असतं. मारुतीच्या चावीत यापैकी काय आहे हे मॉडेल आणि वर्षानुसार बदलतं. स्कोडाच्या जुन्या लॉरा किंवा फाबियाच्या घडीच्या चावीत रिमोटचा भाग आणि पात्याचा भाग ओढून वेगळे होतात, आणि चिप पात्याकडच्या भागात असते. तेव्हा ऐकीव माहितीवर जाऊ नका, आपल्या हातातल्या चावीतच शोधा.

नुसत्या नजरेने कळलं नाही तर एक खात्रीची चाचणी आहे. बोर्ड काढून घराच्या आत ठेवा, गाडीची दुसरी चावीही घरातच ठेवा, आणि जुनी केस पात्यासकट इग्निशनमध्ये घालून गाडी सुरू करून पाहा. सुरू झाली आणि चालू राहिली तर चिप केसमध्ये आहे. नाही झाली तर ती बोर्डवर आहे. एकदा, फार तर दोनदा पाहिलं की पुरे. पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नका.

केस विकत घेण्याआधी

आधी ठरवा की बिघाड खरोखर केसचा आहे. बटण दाबल्यावर काहीच होत नसेल तर दोष रबरात असेल, सेलमध्ये असेल किंवा बोर्डवरच्या बारीक स्विचमध्येही असेल. चावी उघडून, बोर्डवरचा स्विच नखाने हलकेच दाबून पाहा. ‘टिक्‌’ असा स्पष्ट आवाज येऊन गाडीने प्रतिसाद दिला, तर केस बदलून काम होईल. स्विच मऊ लागत असेल किंवा डाखापासून सुटून हलत असेल, तर नवी केस आणूनही फरक पडणार नाही. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात तो स्विच बदलून मिळतो. टीव्हीच्या रिमोटसारखी मोबाइलच्या कॅमेऱ्यातून तपासणी इथे चालत नाही, कारण चावीतून प्रकाश निघत नाही, रेडिओ लहरी निघतात.

आता निवड. बाजारात दोन प्रकार मिळतात: मूळ आकाराचीच केस, आणि त्याच बोर्डासाठी बनवलेली घडीची केस, जिच्यात बटण दाबलं की पातं बाहेर येतं. दुसरी दिसायला छान आणि खिशाला बोचत नाही, हे खरं. तरी माझी पसंती मूळ आकाराला आहे. स्वस्त घडीच्या केसमध्ये पातं धरणारी पिन वर्षभरात सैल होते, पातं डुगडुगायला लागतं, आणि डुगडुगणारं पातं इग्निशनच्या आतल्या पितळी पट्ट्या झिजवतं. शिवाय घडीची केस लांब असते. चिप किंवा बोर्ड कुलपाच्या वेटोळ्यापासून दूर गेला, तर गाडी कधी सुरू होते, कधी होत नाही, असा छळ सुरू होतो. घडीचीच घ्यायची असेल तर चिपची खाच पात्याच्या बिजागरीजवळ आहे ना, एवढं नक्की पाहा.

विकत घेताना जुनी चावी उघडून तिच्या आतला फोटो काढा आणि विक्रेत्याच्या फोटोशी ताडून पाहा. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन केस आतून वेगळ्या असू शकतात: स्क्रूची जागा, बोर्डच्या कडेची खाच, सेलची बाजू, बटणांची संख्या. कोऱ्या पात्याचंही तसंच. दोन्ही पाती शेजारी धरा आणि लांबी, जाडी, बाजूच्या खोबणीची जागा, पातं कुलपात कुठवर जाऊन थांबतं तो खांदा, हे सगळं जुळवा. खोबण उलट्या बाजूला असेल तर ते पातं निरुपयोगी आहे.

लागणारं सामान

बारीक फिलिप्स पेचकस, एक चपटा पेचकस, प्लास्टिकची पट्टी किंवा जुनं एटीएम कार्ड, प्लास्टिकच्या टोकाचा चिमटा, आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ ब्रश, नवा सेल आणि पांढरा कपडा. कपड्यावर काम केलं की सुटलेला स्क्रू घरंगळत नाही. मल्टिमीटर असेल तर उत्तम. घडीच्या केससाठी याशिवाय पिन ठोकायचा बारीक पंच आणि हलका हातोडा लागेल.

सेलचं एक सांगतो. सीआर-२०३२ या नावातच माप आहे: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. सीआर-१६२० म्हणजे व्यास १६ आणि जाडी २ मिलिमीटर. ‘व्होल्ट तेवढेच आहेत’ म्हणून पातळ सेल बसवला तर तो आत हलतो आणि चावी खाली पडली की रिमोट बंद. मारुतीच्या या चाव्यांत लहान, १६ मिलिमीटरचा सेल येतो. जुन्यावर जो क्रमांक कोरला असेल तोच आणा. नवा सेल मीटरवर ३ व्होल्टच्या थोडा वर दाखवतो. आणि हे अगदी गंभीरपणे: घरात लहान मूल असेल तर जुना-नवा कुठलाही सेल टेबलावर उघडा ठेवू नका. गिळलेला बटण सेल दोन तासांत अन्ननलिका जाळू शकतो. तसा नुसता संशय आला तरी थेट रुग्णालय गाठायचं.

चावी उघडणं

सुरुवातीला गाडीची दुसरी चावी चालते आहे याची खात्री करा. एकच चावी शिल्लक असेल तर हे काम हाती घेऊ नका, आधी दुसरी करून घ्या.

हात धुऊन कोरडे करा आणि नळाला किंवा धातूच्या मोठ्या वस्तूला स्पर्श करा. हिवाळ्यात, कोरड्या हवेत अंगावर साठलेली स्थिर वीज बोर्डला बाधू शकते. मारुतीच्या चावीला एक छोटा स्क्रू असतो. तो काढताना पेचकस दाबून धरा, कारण या स्क्रूची चौफुली चटकन घसरते आणि मग तो निघता निघत नाही. स्क्रू निघाला की फटीत प्लास्टिकची पट्टी घालून हळूहळू कडेने फिरवा. दोन भाग सुटतात आणि आत रिमोटची स्वतंत्र छोटी डबी दिसते. ही डबी बाहेर काढायची, आणि तिच्या कडेच्या खाचेत चपटा पेचकस घालून हलका पीळ दिला की ती उघडते. सेल आणि बोर्ड तिच्यात असतात. नवी केस याच डबीसाठी बनलेली असेल तर डबी न उघडता तशीच हलवा. बोर्डला हात जितका कमी लागेल तितकं चांगलं.

प्रत्येक टप्प्यावर फोटो काढत चला: सेलची कोणती बाजू वर, रबराची पट्टी कशी बसली होती, चिपचं तोंड कुठे. जोडताना हे फोटो फार उपयोगी पडतात.

काही कंपन्यांच्या चाव्यांना स्क्रूच नसतो, दोन्ही भाग चिकटवलेले किंवा वितळवून जोडलेले असतात. तिथे जोडाच्या रेषेवरून धारदार कटर वरवर, पुन्हा पुन्हा फिरवायचा. एक-दोन मिलिमीटरपेक्षा खोल जायचं नाही, आणि कटरचं पातं नेहमी आपल्या बोटांपासून दूर जाईल असं धरायचं. जुनी केस पुन्हा वापरायची नाही, ती फुटली तरी हरकत नाही.

बोर्ड आणि चिप

बोर्ड कडेने धरा. त्यावरच्या तांब्याच्या कॉइलला आणि चकचकीत धातूच्या छोट्या डबीला दाब देऊ नका. ते हलले तर रिमोटचा पल्ला कमी होतो. सेलच्या पत्र्यांवर हिरवट-पांढरी बुरशी धरली असेल तर ब्रश अल्कोहोलमध्ये बुडवून साफ करा आणि पूर्ण वाळू द्या. पेट्रोल किंवा थिनर वापरू नका, प्लास्टिक आणि रबर दोन्ही खराब होतात. सेल काढल्याने रिमोट गाडीला विसरेल, ही भीती बाळगू नका. ओळखीचा कोड वीज नसतानाही टिकणाऱ्या स्मृतीत असतो. बोर्ड हातात असताना खेळ म्हणून बटणं मात्र दाबत बसू नका. दर दाबाला रिमोट ठरलेल्या क्रमातला पुढचा कोड पाठवतं, आणि गाडीच्या कक्षेबाहेर हा क्रम फार पुढे गेला तर काही गाड्यांत रिमोट पुन्हा जुळवून घ्यावं लागतं.

चिप वेगळी असेल तर इथे घाई नको. ती बऱ्याचदा गोंदाच्या थेंबाने चिकटवलेली असते. काचेची नळी पेचकसाने उचकटली की तडकते, आणि तडकलेली चिप जोडता येत नाही. काळी पाचरही दिसते त्याहून ठिसूळ असते. चिपला हात न लावता तिच्या भोवतीचं प्लास्टिक कटर प्लायरने थोडं थोडं तोडत जा. शेवटी चिपला प्लास्टिकचा एखादा तुकडा चिकटून राहिला आणि नव्या खाचेत ती तरीही बसत असेल, तर तो तसाच राहू द्या. नव्या केसमध्ये चिप जुन्यासारखीच आडवी किंवा उभी ठेवा. खाच सैल असेल तर दुतर्फी टेपचा बारीक तुकडा पुरतो. फेविक्विकसारखा गोंद बोर्डजवळ नको, त्याची वाफ संपर्काच्या पत्र्यांवर पांढरा थर धरते.

पात्याचा प्रश्न

मारुतीच्या या चावीत पातं प्लास्टिकमध्येच ओतलेलं असतं, ते काढून दुसरीकडे बसवता येत नाही. म्हणून नव्या केसबरोबर आलेलं कोरं पातं कापून घ्यायचं. कडेला दात असलेलं पातं जवळजवळ प्रत्येक चावीवाला कापतो. ज्याच्या अंगावर मधोमध नागमोडी खोबण असते, त्याला वेगळं यंत्र लागतं, आणि ते मोठ्या गावात, गाड्यांच्या चाव्या करणाऱ्या दुकानातच मिळतं. कापताना नमुना म्हणून कमी वापरलेली, घरात ठेवलेली चावी द्या. रोजच्या चावीचे दात वर्षानुवर्षं झिजलेले असतात, आणि नक्कल त्या झिजेचीच निघते.

दुकानात जाताना बोर्ड आणि वेगळी काढलेली चिप घरी ठेवा, आणि चावी नजरेआड जाऊ देऊ नका. पातं कापायला गाडीचा नंबर किंवा पत्ता लागत नाही. चिपची नक्कल करणारी यंत्रं आता सहज मिळतात, आणि सगळ्या चिप्स सारख्या भक्कम नसतात. फोक्सवॅगनसह अनेक कंपन्यांनी वापरलेल्या मेगामॉस क्रिप्टो या चिपमधल्या त्रुटींवरचा शोधनिबंध २०१३ मध्ये ब्रिटनमधल्या न्यायालयाच्या मनाईमुळे अडला होता. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि अशा चिप्स कितपत सुरक्षित आहेत याची जाहीर चर्चा झाली.

कापलेल्या पात्यावरचा धातूचा बारीक कीस बोटाला लागत असेल तर ब्रशने झाडा, कानस लावू नका. आधी दाराच्या कुलपात घालून पाहा, हलक्या हाताने. जोर लावावा लागत असेल तर परत जाऊन दुरुस्त करून घ्या. दारात गुळगुळीत फिरलं, मगच इग्निशनमध्ये घाला.

घडीच्या चावीचं मूळ पातं मात्र बहुधा एका दीड-दोन मिलिमीटरच्या पिनने धरलेलं असतं. पंच पिनवर अगदी सरळ धरून, खाली लाकडाचा आधार देऊन ठोका. पिन निघाली की तेच पातं नव्या केसच्या बिजागरीत बसतं, कापायचा खर्च वाचतो. स्प्रिंग बसवताना तिचं एक टोक बिजागरीच्या खाचेत, दुसरं केसच्या खाचेत अडकवायचं. मग पातं बंद करण्याच्या दिशेने एक ते दीड फेरा ताण देऊन वरचा भाग बसवायचा. ताण कमी पडला तर पातं अर्ध्यावर थांबतं, जास्त झाला तर बटणच अडकतं. हे काम पारदर्शक प्लास्टिकच्या मोठ्या पिशवीत हात घालून करा. स्प्रिंग उडाली तरी पिशवीतच राहते.

जोडणी आणि चाचणी

लगेच गोंद लावू नका. सगळं नुसतं बसवा आणि आधी बटणं तपासा. काही स्वस्त केसच्या रबराला आतून लांब टोकं असतात. ती स्विच सतत दाबून धरतात, सेल काही दिवसांत संपतो. चावीवर दिवा असेल आणि बटण न दाबता तो लुकलुकत असेल, तर हेच कारण. धारदार ब्लेडने टोक किंचित छाटा. उलट बटण खूप खोल दाबावं लागत असेल तर रबराखाली चिकटपट्टीचा एक थर द्या.

मग गाडीपाशी जा आणि दारं उघडा, बंद करा. जवळून आणि थोड्या अंतरावरून, दोन्ही. यानंतर इंजिन सुरू करा आणि मिनिटभर चालू द्या. बंद करून पुन्हा सुरू करा. एकदा सुरू झाली म्हणजे झालं, असं समजू नका. चिप वेटोळ्यापासून जरा दूर असेल तर पाचात एखादी वेळ फसते.

दारं उघडतात पण इंजिन सुरू होत नाही, डॅशबोर्डवर चावीचा दिवा लुकलुकतो: चिप राहिली, आडवी-उभी चुकली, दूर गेली किंवा फुटली. इंजिन सुरू होतं पण दारं उघडत नाहीत: सेल उलटा, सेलचा पत्रा वाकडा, रबर चुकलेलं. पल्ला खूप कमी झाला: सेल कमजोर, किंवा केसच्या मागच्या धातूच्या नक्षीपट्टीने लहरी अडवल्या. असली चकचकीत पट्टी असलेल्या केस मी कधीच सुचवत नाही. एकाच कडीत दुसऱ्या गाडीची चिपवाली चावी अडकवली असेल तर तीही गोंधळ घालते, ती वेगळी करून पाहा.

चिप खरोखरच फुटली असेल तर घरगुती उपाय नाही. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये किंवा खात्रीच्या तज्ज्ञाकडे नवी चिप गाडीच्या संगणकाशी जुळवून घ्यावी लागते, आणि त्यासाठी दुसरी चालू चावी जवळ असणं फार मोलाचं ठरतं.

आठवडाभर रोजच्या वापरात चावीने काही तक्रार केली नाही, मग स्क्रू घट्ट करा. स्क्रू नसलेली केस असेल तर जोडावर दोन-तीन ठिकाणी गोंदाचे बारीक थेंब पुरेत, पुढच्या वेळी सेल बदलायला ती उघडायची आहे. पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून काही जण खिडक्यांना लावतात ते सिलिकॉन सीलंट भरतात. ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, ते सीलंट सुकताना ॲसेटिक आम्ल सोडतं आणि बोर्डवरचं तांबं खातं. त्याऐवजी वरून रबरी कव्हर घाला.

जुनी केस आणि तिचं पातं फेकू नका. गाडी चोरीला गेल्यावर विम्याचा दावा करताना कंपनी सहसा दोन्ही मूळ चाव्या मागते, आणि त्यांतली एक बाजारच्या केसमध्ये दिसली की प्रश्न विचारले जातात. जुनी केस, मूळ पातं, नव्या केसचं बिल आणि काम करताना काढलेल्या फोटोंची एक छापील प्रत, हे सगळं एका पाकिटात घालून गाडीच्या कागदपत्रांसोबत घरी ठेवा. गाडीच्या डिकीत किंवा ग्लव्ह बॉक्समध्ये नाही, कारण त्या केसमध्ये पातं आहे आणि ते तुमच्या गाडीचं कुलूप उघडतं.